अप्पांचा हात न लागलेली भट्टी

मकरंदच्या घरात एकही वस्तू अशी नव्हती, जी त्याच्या सासऱ्यांनी कधी ना कधी आवळली, ठोकली किंवा तेल घालून गप्प केली नव्हती.

सासरे म्हणजे रविकांत अप्पा. मूळचे सोलापूरचे, पण गेली चाळीस वर्षं चेन्नईत. त्यातली एकतीस आवडी नावाच्या उपनगरातल्या रणगाडा फॅक्टरीत काढली आणि निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिले. दर दुसऱ्या रविवारी ते आणि सासूबाई विद्युलता आधी एक लोकल, मग वेलचेरीपर्यंत दुसरी, मग बस असं करत सिरुसेरीच्या पलीकडे लेकीच्या रो-हाउसवर यायचे. सासूबाईंच्या पिशवीत चकलीसारखा मुरुक्कू आणि शेंगाचटणी. अप्पांच्या खाकी पिशवीत पाने, पक्कड, तीन जातीचे स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची चोचवाली डबी. चप्पल काढायच्या आधीच ते दाराची बिजागरी हलवून बघायचे. डॉक्टर आल्या आल्या नाडी धरतो ना, तसं.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. कधी टोमणा नाही, कधी सल्ला नाही. जावयाला कायम ‘मकरंदराव’ आणि अहोजाहो. नुसतं “बघतो जरा” म्हणायचे आणि ती वस्तू दुरुस्त झालेली असायची. तीन वर्षांपूर्वी मकरंदने स्वतः लावलेला टॉवेलचा दांडा सासूबाईंच्या पायावर पडला, तेव्हाही अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी भिंतीत नवी भोकं पाडली, दांडा बसवला, आणि मग दोन्ही हातांनी धरून त्याला चक्क लोंबकळून दाखवलं. पंच्याऐंशी किलोंचा सासरा आपल्या बाथरूममध्ये लोंबकळतोय आणि दांडा हलत नाहीये, हे चित्र मकरंदच्या डोळ्यांसमोरून जायला तयार नव्हतं. ऑफिसात त्याच्या हाताखाली साठ माणसं होती. घरी त्याच्या हाताला काही काम उरलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी गोष्ट हातघाईवर आली. जेवणाचं टेबल डगमगत होतं. मकरंद स्क्रू ड्रायव्हर आणायला वर गेला आणि खाली आला तर टेबल पाय रोवून उभं होतं, त्यावर काठोकाठ भरलेला कॉफीचा टंबलर ठेवलेला होता आणि अप्पा हात पुसत होते. मकरंदचा तोल सुटला.

“अप्पा, पुढच्या महिन्यात सोलापूरचं लग्न उरकून तुम्ही परत याल ना,” तो म्हणाला, “तेव्हा या घरात एक गोष्ट माझ्या हातची असेल. विटा-मातीची. आणि तिला तुमचा हात लागणार नाही.”

अप्पांनी थोडा विचार केला.

“सरी,” ते म्हणाले. चाळीस वर्षांत ‘बरं’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा बंदच झाला होता. “मग मी पिशवीच आणत नाही.”

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. मकरंदला जास्त तेच लागलं.

आता करायचं काय, हा प्रश्न होता. लाकूडकाम अप्पांना येत होतं, ते बाद. नळ, वायरिंग बाद. बाग करावी तर अप्पांच्या घरी गच्चीवर वांगी लगडलेली. मकरंदने अशा वस्तूचा शोध सुरू केला, जी अप्पांनी आयुष्यात पाहिलेली नसेल. तिसऱ्या दिवशी यूट्यूबवर त्याला एक इटालियन आजोबा भेटले. आजोबांनी अंगणात वाळूचा ढीग केला, त्यावर विटांचा घुमट रचला, खालून वाळू काढून घेतली आणि आत जाळ करून पिझ्झा भाजला. सगळं मिळून अठरा मिनिटांत. मकरंदने लॅपटॉप मिटला आणि शर्मिष्ठाला सांगितलं, की आपल्या मागच्या अंगणात पिझ्झाची भट्टी होणार.

मग तिने विचारलं, “लग्नाला अकरा वर्षं झाली. अप्पा फॅक्टरीत काय करायचे, माहितीये तुला?”

“रणगाडे.”

“रणगाड्याचे गिअर भट्टीत तापवायचे, मकरंद. एकतीस वर्षं माणूस भट्टीसमोर उभा होता.”

हे त्याने निदान शंभर वेळा ऐकलेलं असणार. पण अप्पा फॅक्टरीचं काढायला लागले की मकरंद चेहऱ्यावर ‘ऐकतोय’ हा भाव लावून आतून म्यूट व्हायचा. क्लायंटच्या मीटिंगांनी लावलेली सवय. आता माघार घेणं शक्य नव्हतं, कारण एकशे चाळीस भट्टीच्या विटा निघाल्या होत्या आणि परत घेतल्या जात नव्हत्या.

वाळूपासूनच मजा सुरू झाली. त्याला हवी होती आठ-दहा घमेली. केळंबाक्कमच्या दुकानदाराने सांगितलं, की एका युनिटच्या खाली देत नाही. मकरंदच्या जगात युनिट म्हणजे एक नग, म्हणून तो म्हणाला, द्या एक. शनिवारी सकाळी लॉरी आली आणि तिने घराच्या दारात एक टेकडी ओतली. रो-हाउसच्या गल्लीत दोन गाड्या अडकल्या, सोसायटीच्या ग्रुपवर मकरंदच्या नावाने अकरा मेसेज आले आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या मांजरांनी त्या टेकडीला आपलं सार्वजनिक शौचालय जाहीर केलं.

इथे मकरंदला जाणवलं, की आपल्याला टीम लागेल. टीम तयारच होती. सिरुसेरीच्या ऑफिसात दुपारी एकत्र डबा खाणारे तीन मराठी लोक: शार्दूल, देविका आणि अनय. तिघंही मॅनेजर. मकरंदने लगेच एक बोर्ड तयार केला, कामाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक तुकडा टाकला. चौथरा शार्दूलकडे. घुमट स्वतःकडे. दार अनयकडे. पीठ, सॉस आणि ‘क्वालिटी’ देविकाकडे. रोज सकाळी ऑफिसच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभ्या उभ्या मीटिंग. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. चहावाला गिरीधर पहिले दोन दिवस ऐकून घेत होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, की चार माणसं रोज बोलतायत, मग विटा कोण उचलतंय. त्याच्याकडे सगळ्यांनी ‘नॉन-टेक्निकल माणूस’ म्हणून दुर्लक्ष केलं.

चौथरा मात्र झाला. थोडा कोवलमच्या समुद्राच्या दिशेने कललेला होता, पण शार्दूलने मोबाइलवरच्या लेव्हलच्या ॲपने सिद्ध करून दाखवलं, की चौथरा सरळ आहे आणि अंगणच वाकडं आहे. त्यावर भट्टीच्या विटांची फरशी बसली. फरशीवर ओल्या वाळूचा गोल ढीग, ढिगावर भिजवलेले तमिळ पेपर, आणि पेपरांवर मकरंदने अर्ध्या अर्ध्या विटांचा घुमट रचायला घेतला. अर्धी वीट करणं सोपं नव्हतं. इटालियन आजोबा एक टोला मारायचे आणि विटेचे दोन तुकडे व्हायचे. मकरंदने टोला मारला की एक तर काहीच व्हायचं नाही, नाही तर वीट पाच तुकड्यांत मोक्ष घ्यायची. त्याच्या अंगठ्याचं नख काळं झालं. हाताला फोड आले. ऑफिसात तो ते फोड लोकांना दिसतील अशा बेताने हात ठेवून बसायला लागला.

मधल्या आठवड्यात अनयला क्लायंटकडे हैदराबादला जावं लागलं. काळजीचं काही नव्हतं. त्याने जाण्यापूर्वीच ऑनलाइन एक देखणं बिडाचं दार मागवलं होतं: जाड चौकट, काचेची खिडकी, वर तापमानाचा काटा. खोकं पोर्चमध्ये येऊन पडलं होतं. बोर्डावर ‘दार’ या कामासमोर हिरव्या अक्षरात नव्वद टक्के असं दिसत होतं.

आणि बुधवारी संध्याकाळी घुमट पूर्ण झाला. अगदी टोकाची वीट मकरंदने दोन्ही हातांनी, श्वास रोखून बसवली. शार्दूलने व्हिडिओ काढला. शर्मिष्ठाने खरंच मनापासून टाळ्या वाजवल्या. घुमट एका अंगाला थोडा फुगीर होता, पण होता घुमटच. चारही बाजूंनी गोल, घट्ट, कुठे फट म्हणून नाही. मकरंदचे डोळे पाणावले होते. फोटोसाठी सगळे उभे राहिले आणि देविकाने, ‘क्वालिटी’ तिच्याकडे होती म्हणून असेल, घुमटाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली.

“मकरंद,” तिने विचारलं, “पिझ्झा आत कुठून जातो?”

शार्दूल पण एक फेरी मारून आला, जणू देविकाच्या नजरेतून सुटलं असेल.

दार अनयकडे होतं. दारासाठीची जागा कोणाकडेच नव्हती.

त्यांनी हैदराबादला व्हिडिओ कॉल लावला. अनयने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की त्याच्या बाजूने काम झालेलं आहे. दार वेळेत आलंय, पोर्चमध्ये आहे, हवं तर बोर्ड बघा. शार्दूलने सुचवलं, की नेमकं कुठे चुकलं यावर एक सविस्तर मीटिंग घेऊ. मकरंदने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर शार्दूल थापी धुवायला निघून गेला.

अप्पा रविवारी सकाळी येणार होते. स्टेशनवरून थेट इथेच, असा मकरंदनेच आग्रह केला होता. त्याने लग्नघरात फोन करून तसं सांगितलंही होतं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

गुरुवारी सकाळी मकरंद दात घासत मागच्या दारात आला, तर घुमटासमोर दोन जास्वंदीची फुलं, हळदकुंकवाचं बोट आणि एक पणती. झाडलोट आणि बागकाम करणारी महालक्ष्मी हातातला खराटा बाजूला ठेवून डोळे मिटून उभी होती. शेजारच्या घरातल्या आजी कुंपणावरून हात जोडून होत्या. महालक्ष्मीने डोळे उघडले आणि तमिळमध्ये हळूच विचारलं, की आत कुठले सामी बसलेत. बिनदाराच्या घुमटात कोणी तरी संतपुरुष समाधी घेऊन बसलाय, अशी तिची समजूत झाली होती. दुसरं असणार तरी काय. मकरंदचं तमिळ भाजी घेण्यापुरतं होतं. त्याने तोंडातल्या फेसासकट सांगायचा प्रयत्न केला, की सामी नाहीत, वाळू आहे, आणि इथे पिझ्झा होणार आहे. महालक्ष्मीने मान डोलावली. तिने शेजारच्या आजींना सांगितलं, की साहेब इतक्यात नाव सांगत नाहीत.

शर्मिष्ठाने त्या दिवशी एकदाच विचारलं. “अप्पांना फोन करू?”

“नाही.”

“नुसतं विचारायला. हात थोडाच लागतोय.”

“शमी, प्लीज. एकदाच. एक गोष्ट माझी असू दे ना.”

तिने त्याच्या फोडांवर मलम लावलं आणि स्वतःच्या ऑफिसला गेली.

शुक्रवारी मकरंदने सुट्टी टाकली आणि विटा कापायचं मशीन भाड्याने आणलं. अनयच्या दाराची चौकट घुमटावर धरून खडूने आखली. मशीन सुरू झालं तेव्हा असा काही आवाज आणि पांढरट धुरळा उठला, की आख्ख्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्या. महालक्ष्मी धावत आली. साहेब समाधी फोडतायत हे बघून तिने आधी स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या, मग सामींची माफी मागितली, आणि मग काय निघतंय ते बघायला तिथेच उकिडवी बसली. तीन तासांनी मकरंद नखशिखांत भस्म फासल्यासारखा दिसत होता आणि घुमटाला एक चौकोनी भोक पडलं होतं. भोकामागे ओली वाळू आणि सिनेमाची जाहिरात. महालक्ष्मीची मोठी निराशा झाली. पणती ती घेऊन गेली.

एक गोष्ट मात्र मकरंदने बरोबर केली, आणि ती त्याची त्यालाच सुचली होती. वाळू आत असताना घुमट पडणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून वाळू तशीच ठेवून त्याने आधी बिडाची चौकट भोकात बसवली, भोवती भट्टीची माती ठासली आणि दोन दिवस तिला हातसुद्धा लावला नाही. हे दोन दिवस तो रात्रंदिवस त्या चौकटीकडे, पहिलटकर बाई पोटाकडे बघते तसा बघत होता.

रविवारी दहाला अप्पा आणि सासूबाई आले. प्रवासाच्या बॅगा पायरीवर ठेवल्यावर दिसलं, की अप्पांच्या हातात खरंच ती खाकी पिशवी नव्हती. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते सासूबाईंची पर्स धरून उभे होते. दाराशी आल्यावर त्यांचा हात बिजागरीकडे गेला, आणि शर्मिष्ठाने नुसतं “अप्पा” म्हटल्यावर परत आला. मग तिने त्यांना मागच्या अंगणात खुर्ची दिली आणि बजावलं, की आज हात लावायचा नाही आणि सल्लाही द्यायचा नाही. हातांना काही तरी हवं म्हणून मांडीवर अर्धा किलो लसूण सोलायला ठेवला.

“सरी,” अप्पा म्हणाले.

देविका पीठ घेऊन आली होती. शार्दूल आला होता, हैदराबादहून परतलेला अनयही दार बघायला आला होता. सगळ्यांसमोर मकरंदने चौकटीतून वाळू काढायला सुरुवात केली. एक घमेलं, दोन घमेली. अप्पा लसूण सोलत होते, पण नजर घुमटाच्या टोकावर. पाचव्या घमेल्यात शार्दूलचं ऑफिसचं ओळखपत्र निघालं. तो आठवडाभर तात्पुरत्या पासवर ऑफिसात जात होता. नवव्या घमेल्यानंतर आतून भिजका पेपर सुटून आला आणि मकरंदने टॉर्च लावून आत पाहिलं. रिकामा, गोल, उभा घुमट. पडला नव्हता.

तो अप्पांकडे वळला. अप्पांनी मान हलवली. अर्धा इंच असेल, पण हलवली.

इथे मकरंद थांबला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण पिझ्झाचं वचन आजचं होतं, पीठ फुगून वर आलं होतं आणि आयुष्यभर तारखा पाळलेल्या माणसाला तारीख दिसत होती. त्याने आत सुरूच्या लाकडांचा भारा ठेवला आणि जाळ केला. चांगला मोठा. अप्पांचे हात थांबले. त्यांनी शर्मिष्ठाकडे पाहिलं. शर्मिष्ठाने बोट ओठांवर ठेवलं. अप्पा पुन्हा लसूण सोलायला लागले. पण आता ते सोललेला लसूणच परत सोलत होते. सासूबाई नंतर सांगत होत्या, की यांचं बीपी मी त्या लसणाच्या आकारावरून सांगू शकत होते.

अजून ओल्या असलेल्या घुमटातून वाफ यायला लागली. अनय म्हणाला, काटा बघा काय सुंदर चढतोय. आणि ‘टक्’ असा एक आवाज आला. फार मोठा नाही, कोणी तरी टाळूवर जीभ वाजवावी तसा. चौकटीच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अजिबात घाई न करता, घुमटाच्या टोकापर्यंत चालत गेली.

अप्पा उभे राहिले होते. मांडीवरचा लसूण अंगणभर सांडला होता. पण ते जागचे हलले नाहीत. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले होते आणि उजव्याने डावा घट्ट पकडून ठेवला होता.

मकरंदने ते हात पाहिले. भट्टीकडे नंतर पाहिलं, आधी ते हात पाहिले. या माणसाला हे सगळं दहा मिनिटांपूर्वीच दिसलं होतं. दिसत असून तो शब्दाला जागला होता, आणि मकरंदने त्याला असलाच शब्द द्यायला लावला होता.

“अप्पा,” तो म्हणाला, “हात लावू नका. पण सांगा.”

अप्पांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा उघडलं. मग त्यांचे हात सुटले आणि हवेत काही तरी करायला लागले: काही तरी दाबलं, काही तरी हळूहळू पसरलं.

“असं,” अप्पा म्हणाले. “असं करायचं.”

“असं म्हणजे कसं?”

“असं म्हणजे… हे असं.”

कोणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अप्पा सल्ला देत नसत, कारण त्यांना तो देताच येत नव्हता. जे येत होतं ते सगळं मनगटाच्या खाली होतं. तोंडापर्यंत कधी आलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते घामाघूम होऊन शब्द शोधत होते, मराठीत सापडला नाही तर तमिळमध्ये, तमिळमध्ये नाही तर फॅक्टरीतल्या इंग्रजीत, आणि शर्मिष्ठा मधे उभी राहून जमेल तसं भाषांतर करत होती. पाच मिनिटांच्या धडपडीनंतर पहिलं पूर्ण वाक्य बाहेर पडलं:

“जाळ काढू नका. जाळाला एकटं सोडा, आपोआप मरू दे.”

त्या दिवशी पिझ्झा झाला नाही. सासूबाईंनी फ्रीजमधलं डोशाचं पीठ काढलं, त्याचे जाड उत्तप्पे घातले, वर देविकाचा सॉस आणि चीज घातलं आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यावर सोलापूरची शेंगाचटणी भुरभुरली. अनयने चार खाल्ले.

अप्पा आठ दिवस राहिले. चीर बघून मकरंद पार खचला होता, तेव्हा अप्पांनी दुसरं वाक्य जमवलं: चीर पडली नाही तर ती भट्टी नाही, शोकेस आहे. मग रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मकरंदचा क्लास. अप्पा खुर्चीत, हात काखेत दाबलेले. मकरंद उकिडवा. पहिल्या दिवशी चीर बुजवायची माती कालवायला पाऊण तास लागला, कारण किती पातळ ते अप्पांना बोटाने दाखवता येत होतं, सांगता येत नव्हतं. शेवटी ते ओरडले, की तुमच्या सासूच्या पिठल्याइतकं, आणि माती एका झटक्यात जमली. दुसऱ्या दिवशी छोटा जाळ. किती छोटा, या प्रश्नावर अप्पा इतका वेळ गप्प राहिले की मकरंदला वाटलं झोप लागली.

“सासुरवाडीला पहिल्यांदा जेवतो ना आपण, तसा,” ते म्हणाले. “थोडं थोडं. लाजत लाजत. नको नको म्हणत.”

तिसऱ्या दिवशी जाळाला एकदा मागून वाढून घ्यायची परवानगी मिळाली. पाचव्या दिवशी जाळ घरच्यासारखा जेवला. भट्टी तापली ते ओळखायचं कसं, हे सांगताना अप्पांना फॅक्टरीतल्या एकतीस वर्षांतले सगळे रंग आठवायला लागले आणि मकरंद त्या दिवशी ऑफिसला अकराला पोचला. काजळी आधी सगळा घुमट काळा करते, आणि खरा ताव आला की तीच काजळी जळून वीट पुन्हा पांढरी पडते. हे मकरंदने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा तो मुलासारखा ओरडला. अप्पा त्याहून मोठ्याने ओरडले, “बघितलं? सांगितलं का नाही मी?” सांगितलं होतं खरं. आणि सांगून काम होतं, हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले. घुमट पांढरा पडला होता, चीर अजून दिसत होती, पण झोपलेल्या माणसाच्या सुरकुतीसारखी. देविकाने पहिला पिझ्झा लाटून लांब दांड्याच्या फळीवर ठेवला. मकरंदने फळी उचलली, दारापाशी नेली आणि थांबला. मग वळून त्याने ती अप्पांसमोर धरली.

“तुम्ही घाला, अप्पा. पहिला.”

हे त्याने मनापासून म्हटलं. आता हात लागला असता तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. शर्मिष्ठाचे डोळे भरून आले होते. अप्पांनी फळीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको, मकरंदराव. हात लावणार नाही म्हटलंय ना.” मग त्यांनी मान तिरकी करून भट्टीत पाहिलं. “पण जरा डावीकडून घ्या. अजून. कोपर वर. कोपर, कोपर. तुम्ही श्वास का धरलाय? सोडा आणि ढकला. हां. आता लगेच फिरवू नका. मी सांगतो कधी. अनय, तुम्ही दारात उभे राहू नका, वारा अडतोय. देविका, पुढचा जरा पातळ लाटा.”

पिझ्झा एका बाजूने करपला, दुसऱ्या बाजूने उत्तम झाला. दुसरा दोन्ही बाजूंनी बरा झाला. सातव्याच्या वेळी शार्दूलने हळूच विचारलं, की हे असे कायमच एवढं बोलतात का. सासूबाईंनी पदराने तोंड पुसत सांगितलं, की चाळीस वर्षांच्या संसारात मिळून एवढं बोलले नव्हते.

संध्याकाळी अप्पांनी आवडीला परतायला बस धरली. जाताना बिजागरीकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्याचा कठडा हलत होता, तो हलता ठेवून गेले. फक्त दारात उभं राहून, तो कसा आवळायचा, हे मकरंदला वीस मिनिटं समजावून सांगितलं.

सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला. मकरंदने डोळे न उघडता कानाला लावला.

“मकरंदराव,” अप्पा म्हणाले, “पहिल्या पिझ्झाची डावी बाजू का करपली, ते माझ्या लक्षात आलंय. उठा, कागद-पेन घ्या. आणि कठडा झाला का?”